जखम सांधेपर्यंत

बैलाच्या मागच्या मांडीवर अकरा टाके होते. पोतं शिवायच्या सुतळीने, दाभणाने घातलेले, आणि सगळे एकसारख्या अंतरावर. मालक गोठ्याच्या दाराशी उभे होते. वय साठीच्या पुढचं, डोळे जागरणाने लाल.

"डॉक्टर, परवा रात्री दुसऱ्या बैलाचं शिंग लागलं. रगत थांबंना. कुणी भेटंना, मग म्यांच शिवलं."

"काका, हात चांगला आहे तुमचा. पण हे उसवावं लागेल."

त्यांचा चेहरा पडला. पण टाक्यांखाली मांडी फुगली होती, हात लावला की गरम लागत होती, आणि खालच्या टाक्यातून वास मारणारं पाणी झिरपत होतं. सुतळी उसवली तेव्हा आत कडब्याचा चुरा, शेणाचे कण आणि अळ्या निघाल्या. कातडी नीट जुळली होती, तिच्याखालचं फाटलेलं मांस मात्र तसंच मोकळं राहिलं होतं. मधल्या पोकळीत रक्त साचलं, ते नासलं, आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. शिवाय सुतळी म्हणजे शेकडो तंतूंचा पीळ. दिव्याची वात जसं तेल वर ओढते, तशी ती बाहेरची घाण आत ओढत राहिली.

मी जखम धुतली, मेलेलं मांस काढलं आणि खालचं तोंड निचऱ्यासाठी मोकळं ठेवलं. त्या दिवशी एकही टाका घातला नाही. काकांना ते पटायला वेळ लागला. डॉक्टर आले आणि असलेले टाकेही काढून गेले, असं कुणालाही वाटेल. पण शिळी, घाणेरडी जखम शिवणं म्हणजे पू आत कोंडून वर कुलूप लावणं. कोणता धागा, कोणती सुई हा विचार त्याच्यानंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की ही जखम आज शिवायची की नाही.

शिवायची ठरली तर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. इथल्या मांसाला किती दिवस आधार लागेल? दोन कडा सांधण्याचं काम जनावराचं शरीर करतं. टाका तोवर त्या कडा शेजारी धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम. पहिले तीन ते पाच दिवस जखमेला स्वतःची म्हणून ताकद जवळजवळ नसते, सगळा भार धाग्यावर असतो. आतड्याची शिवण उसवते ती बहुधा याच दिवसांत. पुढे मात्र प्रत्येक अवयवाची चाल वेगळी. मूत्राशय आणि आतडी दोन-तीन आठवड्यांत पुष्कळशी ताकद परत मिळवतात. कातडीला घाई नसते. वरून भरलेली दिसली तरी तीन आठवड्यांनी तिच्यात मूळच्या ताकदीचा पाचवा हिस्साच आलेला असतो, आणि ती पुन्हा पूर्वीइतकी मजबूत कधीच होत नाही. सगळ्यांत सावकाश भरतात ते पोटाच्या स्नायूंवरचे पांढरे, चिवट पडदे. त्यांना निम्मी ताकद यायला दीड-दोन महिने लागतात.

माणसाला डॉक्टर सांगू शकतात की महिनाभर वजन उचलू नका. गायीला कोण सांगणार? ऑपरेशन संपलं की ती तासाभरात गवताकडे मान वळवते आणि रात्री पोटावर बसते. म्हैस डबक्याकडे ओढ घेते. कुत्रं दातांनी टाके सोडवतं. त्यामुळे धागा निवडताना जखमेसोबत जनावराचा स्वभाव, गोठ्याची जमीन आणि टाके काढायला मालक पुन्हा येऊ शकेल का, हे सगळं हिशेबात धरावं लागतं.

आता धागा. आमच्या दवाखान्यांत अजूनही सर्रास दिसतो तो कॅटगट. नावात मांजर असलं तरी मांजराचा त्याच्याशी संबंध नाही. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याच्या थरांपासून तो बनतो. पाकीट फाडलं की आतल्या स्पिरिटचा उग्र वास येतो आणि पिवळसर, किंचित चिकट दोरा हातात येतो. शरीर त्याला परकं प्रथिन समजतं आणि पचवून टाकतं.

निर्जंतुक करून शरीरात सोडून द्यायचा दोरा, ही कल्पना जोसेफ लिस्टर यांनी आधी जनावरांवर तपासली. 1867 मध्ये त्यांनी एका घोड्याची मानेतली धमनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या रेशमाने बांधली. तो घोडा काही आठवड्यांनी दुसऱ्याच कारणाने मेला, तेव्हा रेशीम जागच्या जागी तसंच सापडलं. लिस्टर यांना विरघळणारा दोरा हवा होता. 1868 च्या अखेरच्या दिवशी त्यांनी एका वासराची धमनी आतड्यापासून केलेल्या दोऱ्यांनी बांधली आणि महिन्याभराने ती जागा उघडून पाहिली. दोऱ्याच्या जागी वासराच्या स्वतःच्या जिवंत ऊतीचं कडं तयार झालेलं होतं. माणसांच्या शस्त्रक्रियेत पुढे शतकभर चाललेला दोरा आधी एका वासराच्या मानेत होता, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दर वेळी बरं वाटतं. आमचे रुग्ण विज्ञानाकडून नुसतं घेत आलेले नाहीत.

साध्या कॅटगटची ताकद आठवड्याभरात ओसरते. क्रोमियमच्या क्षारात कमावलेला क्रोमिक कॅटगट, कातडं कमावलं की टिकतं तसा, दोन ते तीन आठवडे तग धरतो. पण हे गणित निरोगी मांसातलं. जिथे पू आहे किंवा पाचक रस आहे तिथे तो फार लवकर हार खातो. शरीर पचवणार म्हणजे किती वेगाने पचवणार, हे आपल्या हातात राहत नाही.

1970 च्या सुमारास आलेल्या कृत्रिम धाग्यांनी हा हिशेब बराच पक्का केला. पॉलिग्लायकोलिक आम्ल, मागोमाग पॉलिग्लॅक्टिन. हे धागे पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन तुटत जातात, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पॉलिग्लॅक्टिनमध्ये दोन आठवड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि 56 ते 70 दिवसांत तो नाहीसा होतो. पॉलिडायॉक्झॅनोन त्याहून सावकाश जातो, त्याला सहा महिने लागतात. पोटाचे पांढरे पडदे शिवताना मला असाच धागा हवा असतो, कारण तिथे कॅटगटची मुदत संपते तेव्हा मांसाचं काम जेमतेम सुरू झालेलं असतं. तरीही गायीच्या मोठ्या शिवणीला किती पाकिटं लागतील आणि त्यांची किंमत मालकाला झेपेल का, हे पाहून अनेकदा क्रोमिक कॅटगटच हाती घ्यावा लागतो. अशा वेळी जाड दोरा घ्यायचा, थरांवर थर शिवायचे आणि कडेपासून भरपूर मांस टाक्यात धरायचं.

धाग्याची घडणही पाहावी लागते. रेशीम आणि पॉलिग्लॅक्टिन हे वेणीसारखे विणलेले असतात. हाताला मऊ, गाठ बसली की बसली. नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन म्हणजे एकच सरळ तार, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखी. मांसातून ती अलगद सरकते आणि तिच्यात जंतूंना लपायला फट नसते, पण गुंडाळीतून काढल्यावरही वेटोळं सोडत नाही आणि गाठ निसटवू पाहते. म्हणून जंतूंची शंका आहे तिथे वेणीचा धागा मी टाळतो. मूत्राशयात तर रेशीम किंवा नायलॉन आतल्या पोकळीत डोकावू द्यायचंच नाही. त्या टोकाभोवती क्षार जमतात आणि मुतखडा काढायला उघडलेल्या मूत्राशयात आपणच नव्या मुतखड्याचं बी पेरतो.

जाडीच्या आकड्यांनी नवखे गोंधळतात. 2 नंबर 1 पेक्षा जाड, 1 नंबर शून्यापेक्षा जाड, आणि शून्याच्या पुढे शून्यं वाढतील तसा धागा बारीक. कृत्रिम धाग्यात 1 नंबर म्हणजे सुमारे 0.4 मिलिमीटर आणि तीन-शून्य म्हणजे 0.2 च्या आसपास. गायीच्या पोटाला 1 किंवा 2, कुत्र्याच्या आतड्याला तीन-शून्य. मोठं जनावर म्हणून सगळीकडे जाड धागा घालण्याची सवय मात्र वाईट. धागा मांसापेक्षा थोडाच बळकट असला की पुरतो. त्याहून जाड असेल तर तो नुसता परका ऐवज होतो.

सुयांबद्दल सुश्रुतसंहितेत जे लिहिलं आहे ते वाचून मी थक्क झालो होतो. मांस कमी असेल तिथे आणि सांध्यांवर दोन अंगुळं लांबीची गोल सुई, मांसल भागात तीन अंगुळांची तिधारी सुई, आणि मर्मस्थानं, वृषण व पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकडी. टाके फार दूर घातले तर वेदना आणि फार जवळ घातले तर कडा फाटतात, हेही तिथे आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या मुंग्यांकडून चाववून धरायच्या आणि मग मुंग्यांची धडं तोडायची, हा उपायही. आजच्या सुया पोलादी आणि निर्जंतुक आल्या, तरी विभागणी तीच आहे. गोल सुई मांसाचे तंतू बाजूला सारत जाते आणि मागे लहानसं छिद्र ठेवते. आतडं, गर्भाशय, मूत्राशय यांना तीच, कारण तिथे छिद्रातून एक थेंबही गळता कामा नये. कातडीला तिधारी. गायीची कातडी इतकी जाड की गोल सुई तिथे वाकते किंवा मोडते. तिधारीतही धार आतल्या वळणावर असली तर टाका ताणला की ती चीर जखमेकडे फाटत येते. म्हणून बाहेरच्या वळणावर धार असलेली सुई मी पसंत करतो. तिच्या छिद्राची सपाट बाजू जखमेकडे राहते.

नाकाच्या सुईत धागा ओवला की तो दुहेरी होऊन ओढला जातो, आणि मऊ मांसात सुईपेक्षा मोठं भगदाड पडतं. धागा बुडालाच घट्ट बसवलेली सुई महाग पडते, पण आतड्यासाठी आणि सडासाठी मी दुसरी वापरत नाही.

आता टाक्यांची तऱ्हा. ती पुस्तकातल्या आकृत्यांवरून कळत नाही, एक ऑपरेशन डोळ्यांपुढे घ्यावं. गायीने चाऱ्याबरोबर तार गिळली आहे, ती जाळीपोटात रुतली आहे, आणि कोठीपोट उघडून हात घालायचा आहे. गाय उभीच असते. डाव्या भकाळीत बधिरतेची इंजेक्शनं द्यायची, कातडी आणि स्नायूंचे थर उघडायचे, की कोठीपोटाची करडी भिंत संथपणे हलताना दिसते. ती उघडण्याआधीच एक शिवण घालावी लागते. कोठीपोटाची भिंत कातडीच्या कडेला चारही बाजूंनी धावत्या टाक्याने शिवून टाकायची, म्हणजे आतला आंबलेला चारा पोटाच्या पोकळीत सांडत नाही. तासाभराने उसवायची ही शिवण. सगळ्यात कमी टिकणारी, पण एवढ्यातेवढ्यासाठी ती टाळली आणि गाय पोटाच्या आतल्या सुजेने दगावली, असं होऊ शकतं.

तार निघाली, कधी तिच्यासोबत प्लॅस्टिक पिशव्यांचा गोळाही निघाला, की कोठीपोट बंद करायचं. इथे कडेला कड भिडवून चालत नाही. पोकळ अवयवांची बाहेरची झिलई झिलईला टेकली की ती तासांत चिकटायला लागते, हे अंत्वान लांबेर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने 1826 मध्ये दाखवलं. त्याच्या टाक्यात सुई भिंतीत शिरते, आतल्या पोकळीत न उतरता बाहेर येते, चीर ओलांडून पलीकडे तसंच करते, आणि धागा ओढला की दोन्ही कडा आत दुमडतात. कापडाची कड आत मुडपून शिवावी तसं. कोठीपोटाला असे दोन थर. पण सुई फार वरवरही चालत नाही. आतड्याच्या भिंतीत धागा धरून ठेवणारा थर आतल्या अस्तराच्या लगेच बाहेरचा असतो, हे विल्यम हाल्स्टेड यांनी 1887 मध्ये कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग करून सांगितलं. अनुभवी हाताला तो थर कळतो. सुई त्यातून जाताना किंचित अडते.

मग हातमोजे बदलायचे, भांडी बदलायची, आणि स्नायू थराथराने धावत्या टाक्याने शिवायचे. शेवटी कातडी. गायीच्या भकाळीवर मी फोर्डचा अडकवणीचा टाका घालतो. आमच्या घरात गोधडीच्या कडेला जसा काजटाका असायचा, बहुतेक तसाच तो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यात अडकत जातो, शिवण भरभर होते आणि ताण सारखा वाटला जातो. खालच्या टोकाला मात्र दोन-तीन टाके सुटे ठेवायचे. आत पाणी साचलंच तर तेवढेच सोडून वाट करून देता येते, बाकीची शिवण उसवत नाही. सुट्या टाक्यांचा फायदा हाच. एक तुटला तर एकच तुटतो.

कातडीवर ताण असेल तर दोन्ही कडांतून दोनदा जाणारे गादीटाके घालतो आणि धागा कातडीत रुतू नये म्हणून त्याखाली सलाईनच्या नळीचे तुकडे ओवतो. म्हशीचं मायांग बाहेर येतं तेव्हा लांब सुईने रुंद फीत योनीभोवती कातडीखालून फिरवून बांधायची. ही फीत विण्याच्या आधी सोडलीच पाहिजे. मालकाला हे एकदा सांगून माझं समाधान होत नाही, मी ते त्यांच्याकडून वदवून घेतो.

सगळ्यांत अवघड शिवण मात्र सर्वांत लहान असते. रात्री शेजारच्या गायीचा खूर सडावर पडतो किंवा काटेरी तारेत सड फाटतो. चीर बोटभर, पण त्यातून दूध गळतं. लवकर पोहोचलो, सूज यायच्या आत, तर सड वाचतो. आतलं नाजूक अस्तर, मधला थर आणि कातडी हे तीनही थर वेगवेगळे शिवायचे. अस्तर शिवताना सुई सडाच्या आतल्या पोकळीत जाऊ द्यायची नाही. ती थोडी जरी आत गेली तरी धाग्याच्या वाटेने दूध बाहेर येत राहतं आणि तिथे कायमचं भोक पडतं. चार-शून्य धागा, गोल सुई, गाय बांधलेली आणि भूल दिलेली, आणि तरी आपला श्वास रोखलेला. मालकीण शेजारी बसून गायीच्या कासेवरून हात फिरवत असते. सड गेला तर त्या घराचं रोजचं दूध जातं, ते तिला कुणी सांगावं लागत नाही.

गाठीबद्दल लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेळीचा बेंबीचा हर्निया शिवला होता. नायलॉन, योग्य जाडीचं, अंतर नीट. तिसऱ्या दिवशी मालक शेळी घेऊन परत आले. कातडीची शिवण शाबूत होती, पण तिच्याखाली आतडी हाताला लागत होती. पुन्हा उघडलं तेव्हा धागा कुठेही तुटलेला नव्हता. तो वेटोळं होऊन मोकळा पडला होता. घाईत मी दोन्ही वेढे एकाच दिशेने घातले होते, त्यामुळे निरगाठीऐवजी सुरगाठीसारखी सरकणारी गाठ झाली होती. शेळी वाचली. त्यानंतर कित्येक महिने मी खाटेच्या दोरीवर गाठी घालून पाहत असे. एक वेढा उजवा, दुसरा डावा, तिसरा पुन्हा उजवा. नायलॉनला चार-पाच वेढे देतो. कॅटगट ओला झाला की फुगतो आणि गाठ सैलावते, म्हणून त्याची शेपटं थोडी लांब कापतो.

दुसरी चूक घट्ट बांधण्याची. जखम पहिले दोन-तीन दिवस सुजणारच. आज कडा नुसत्या टेकतील इतपत बांधलेला टाका उद्या घट्ट होतो आणि आजच आवळलेला उद्या कातडी कापत जातो. कडा पांढऱ्या पडल्या तर तो टाका काढून पुन्हा घालावा.

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी शिबिरात तर टाके काढायला कुणी परत आणत नाही. काही दिवसांनी कुत्री उचलली त्याच गल्लीत सोडायची असते. म्हणून तिथे कातडीच्या जाडीतल्या जाडीत, बाहेर काहीच न दिसेल असा विरघळणारा धावता टाका घालतात. चाटायला, ओढायला टोक सापडत नाही. आत अंडाशयाच्या रक्तवाहिनीवर बांधलेली गाठ मात्र बाहेर दिसणाऱ्या शिवणीपेक्षा कितीतरी महत्त्वाची. ती निसटली तर कुत्री रात्रीत जाते, आणि तिची चौकशी करायला बहुधा कुणी येत नाही. पाळीव कुत्रीच्या गाठीइतकीच ती तपासून घ्यावी, असं मी शिबिरात येणाऱ्या मुलांना बजावतो.

सुतळीवाल्या काकांच्या बैलाची मांडी रोज धुऊन नवव्या दिवशी लाल, स्वच्छ, दाणेदार मांसाने भरली. तेव्हा मी वरच्या भागाला चार सुटे टाके घातले, खालचा भाग आपोआप भरू दिला. पुढे चौदा दिवसांनी टाके काढायला गेलो. काकांनी विचारलं, मी काढू का? मी कात्री त्यांच्या हाती दिली आणि दाखवलं. गाठ चिमट्याने उचलायची, तिच्याखाली एकाच बाजूला कातडीला अगदी लागून कापायचं आणि गाठीकडून ओढायचं, म्हणजे बाहेर उघडा राहिलेला मळका धागा मांसातून जात नाही. पहिल्या टाक्याला त्यांचा हात थरथरला. चौथा त्यांनी न थांबता काढला आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली. बैलाने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं.